मुलांच्या बोटांसाठी खेळ कसे निवडायचे? कार्ट भरायच्या आधी हे वाचा

पीटीएममध्ये (शाळेच्या पालकसभेत) बाई म्हणतात "ग्रिप कच्ची आहे, फाईन मोटरवर काम करा", म्हणजे पेन्सिलची पकड आणि बोटांच्या बारीक हालचाली, आपण मान हलवतो, घरी येऊन मोबाईलवर ते दोन शब्द टाकतो आणि बघता बघता कार्टमध्ये बिझी बोर्ड (कड्या, चेन, बक्कल लावलेली फळी), ओवायचे मणी, चिमट्यांचा सेट, पेन्सिलला लावायची रबरी ग्रिप असं सगळं गोळा होतं. जरा थांबा. माझ्या लेकीच्या वेळी बालरोगतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून सराव घेणारे), शाळा असं सगळं फिरून झालंय, त्यातून जे हाती लागलं ते ओळीनं लिहितेय. साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे हे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. खेळ निवडताना खोक्यावर काय लिहिलंय ते बघायचं नाही, तो खेळताना मुलाचा हात नेमकं काय करणार आहे ते बघायचं. "फाईन मोटर टॉय" असं छापलेली निम्मी खेळणी बटण दाबलं की गाणं वाजवतात, त्यात बोटांना काम काय तर एक बोट पुढे करणं.

१. आधी चार-पाच दिवस नुसतं बघा

परीक्षा घ्यायची नाही, "हे करून दाखव बघू" नाही. रोजच्या गडबडीत लक्ष ठेवा:

- जमिनीवर सांडलेला चुरमुरा कसा उचलतो, अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी की सगळ्या मुठीनं ओरबाडून
- डब्याचं झाकण उघडताना दुसरा हात डबा धरतो की नुसता लोंबकळत असतो
- बटण, चेन, सॉक्स यातलं काय स्वतः करतो, कुठे "आई तू कर" म्हणतो
- खडू धरल्यावर हालचाल कुठून येते, खांद्यातून, मनगटातून की बोटांतून
- बसल्यावर टेबलावर रेलतो का, डोकं हातावर टेकवतो का

शेवटचा मुद्दा बघून तुम्ही म्हणाल याचा बोटांशी काय संबंध. आहे, आणि बराच आहे. खांदा आणि पाठ स्थिर नसेल तर बोटांना बारीक काम करायला आधारच मिळत नाही, मूल सगळी शक्ती सरळ बसण्यात घालवतं. कित्येकदा "अक्षर वाईट" म्हणून ज्याला वह्या भरायला बसवतात त्याला खरं तर झाडावर चढू द्यायला हवं, मैदानात बारला लटकू द्यायला हवं.

वयाचा ढोबळ अंदाज असा. नऊ-दहा महिन्यांत चिमटीची सुरुवात होते आणि वर्षाच्या आसपास ती नीट जमते. दीड वर्षाचं मूल तीन-चार ठोकळे एकावर एक ठेवतं, दोन वर्षांचं सहाच्या आसपास. बघून गोल काढणं तीन वर्षांच्या सुमारास, अधिकचं चिन्ह चार, चौकोन साडेचार आणि त्रिकोण पाचच्या आसपास. आता हे परत वाचा. त्रिकोणातली तिरकी रेघ सगळ्यात शेवटी येते आणि आपल्या नर्सऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी ए लिहायला बसवतात ज्यात दोन तिरक्या रेघा आहेत. शिवाय मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती जवळपास सगळी कूर्चेचीच असतात आणि पुढची काही वर्षं एकेक करत कठीण होत जातात, म्हणजे घाई करून उपयोग शरीराच्या हिशोबानंच नाही. महिना-दोन महिने मागेपुढे चालतं, शेजारच्या चिनूशी तुलना नको.

२. कोणती हालचाल कमी पडतेय ते ठरवा

ही पायरी लोक सरळ गाळतात आणि मग घरात पाच प्रकारचे मणी होतात, सगळे एकाच हालचालीचे. मी अशी वाटणी करते:

चिमूट. अंगठा आणि तर्जनी. बारीक वस्तू उचलणं, स्टिकर सोलणं, रांगोळी सोडणं.

दाबायची-पिळायची ताकद. कणीक तिंबणं, स्पंज पिळणं, स्प्रे बाटलीचा खटका दाबणं. कपड्याचे चिमटे दोरीला लावणं यात चिमूटही आली आणि ताकदही.

दोन हात दोन कामं. एक धरतो, दुसरा करतो. ओवणं, कापणं, झाकण फिरवणं. लिहितानाही हेच लागतं, एका हातानं वही धरायची असते, जी धरली नाही की वही फिरत राहते आणि आपण ओरडतो अक्षराला.

मनगट फिरवणं. किल्ली, नट-बोल्ट, बरणीचं झाकण, लिंबू पिळायचं यंत्र.

आणि एक, ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: हातातल्या हातात वस्तू सरकवणं. चार-पाच नाणी एकेक करून उचलायची आणि आधीची न सांडता तळहातात साठवायची, मग त्याच हातानं, दुसऱ्याची मदत न घेता, एकेक नाणं बोटांच्या टोकाशी आणून गल्ल्यात टाकायचं. स्वतः करून बघा, अंगठा किती काम करतो ते कळेल. बसमध्ये कंडक्टर एका हातात सुटे घेऊन बरोब्बर दोनाचं नाणं पुढे सरकवतात ना, तीच ही कला. पेन्सिल हातातल्या हातात उलटी करून मागच्या रबरानं खोडणं हे याच जातीतलं. चार वर्षांनंतर हा खेळ जरूर खेळा, त्याआधी नाणी हातात नकोत, गिळली जातात.

सहावी गोष्ट खांदा, ती वर आलीच.

आता तुमच्या निरीक्षणाची यादी घ्या आणि या सहापैकी कुठल्या दोनात मूल मागे आहे ते बघा. दोनच. सहाही एकदम सुधारायला निघालात तर आठवड्यात तुम्हीच कंटाळाल.

३. दुकानाआधी स्वयंपाकघर

आपल्याकडे या बाबतीत जेवढं सामान घरात पडलेलं असतं तेवढं कुठल्याच खोक्यात मिळत नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागडी माँटेसरी साधनं कुठून आणणार, त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं यांचीच साधनं केली. मग आपण चिमटे विकत आणायला कशाला पळतोय?

माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे मोड आलेले कडवे वाल सोलणं. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि मुलासमोर परात ठेवायची. एक दाणा चिमटीत धरायचा, एका टोकाशी हलकेच दाबायचा, की आतली डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल बोटात राहतं. जोर कमी पडला तर काही होत नाही, जास्त झाला तर डाळिंबी दोन तुकडे होऊन थेट फ्रिजखाली जाते. किती जोर लावायचा हे बोटाला कळणं, म्हणजे थेरपिस्ट ज्याला ग्रेडिंग म्हणतात ते, आणि ते इथे दाणागणिक शिकायला मिळतं, कुणी शिकवावं लागत नाही. वर संध्याकाळी उसळ. फक्त कच्चा वाल तोंडात जाऊ द्यायचा नाही आणि तुम्ही समोर बसायचं.

बाकी यादी पटापट:

- मटार, तुरीच्या शेंगा, भुईमुगाच्या शेंगा सोलणं. शेंगांना चांगलाच जोर लागतो, तीन वर्षांच्या मुलाला आधी थोडी चीर पाडून द्या
- मेथी, कोथिंबीर निवडणं, एकेक पान खुडून
- कणकेचे गोळे, साप, लाडू. आधी सैल कणीक, मग घट्ट, मग शाडू माती
- चमच्यानं या वाटीतून त्या वाटीत तांदूळ, मग छोट्या चमच्यानं, मग ड्रॉपरनं रंगीत पाणी
- ओट्यावर किंवा दारात रांगोळी. लहानांना तांदळाचं पीठ द्या, दगडाची भुकटी नाकातोंडात जाते. आधी मुठीनं ओतणार, मग हळूहळू चिमटीतून रेघ सुटायला लागते
- कापसाच्या वाती वळणं. आजीला कामाला लावा, फुलवात वळताना बोटांच्या टोकांना जे काम पडतं ते कुठल्याही ॲपमध्ये नाही
- सुई-दोरा नको, बुटाच्या लेसनं मोठे मणी, भेंडीच्या चकत्या किंवा मॅकरोनी ओवणं. लेसचं टोक आधीच कडक असतं म्हणून ती बरी, पण मूल एकटं असताना लांब दोरी हातात नको

सणावाराला तर पर्वणीच. तिळगुळाचे लाडू वळणं, करंजीच्या कडेला कातण फिरवणं, किल्ल्याची माती लिंपणं, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवणं. मोदकाच्या पाकळ्या सहा वर्षांच्या आत जमण्याची अपेक्षा धरू नका, आपल्याला तरी कुठे जमतात.

मोठ्या मुलांसाठी जुने खेळ आहेतच. सागरगोटे झेलायच्या आधी नुसते जमिनीवरून उचलायचे, आधी एक, मग दोन, मग तीन, बाकीच्यांना धक्का न लावता. काचापाणी भारी खेळ, पण बांगडीच्या काचा कापतात, त्याऐवजी आईस्क्रीमच्या काड्या किंवा स्ट्रॉ वापरा, नियम तोच, दुसरी काडी हलली की डाव गेला.

४. वयाप्रमाणे कुठून सुरुवात

एक ते दोन: डब्यात वस्तू टाकणं आणि काढणं, झाकणं लावणं, जाड पानांची पुस्तकं उलटणं, ठोकळे रचून पाडणं. पाडणं जास्त आवडतं, पाडू द्या. पेन्सिल नकोच, जाड खडू मुठीत धरला तरी चालेल, या वयात मूठच असते.

दोन ते तीन: कणीक, स्टिकर, मोठे मणी, ओतणं, दोन-चार तुकड्यांची कोडी, कागद टराटरा फाडणं. हो, फाडणं हा खेळ आहे, जुना पेपर द्या आणि बघा.

तीन ते चार: इथे कात्री येते. गोल टोकाची लहान कात्री, डावखुऱ्या मुलाला डावखुरी. पातळ कागद पहिल्यांदा देऊ नका, तो वाकतो, कापला जात नाही आणि मूल चिडतं. आधी कणकेचे साप कचाकच कापायला द्या, मग स्ट्रॉ, मग जुन्या लग्नपत्रिका, जाड कागद असतो आणि घरात ढीग असतो. अंगठा वरच्या बाजूला, छताकडे, एवढं एकच सांगायचं. आधी नुसते कडेला छेद, चारच्या सुमाराला सरळ रेघेवर, गोल कापणं त्यानंतर.

चार ते सहा: नाण्यांचा खेळ, घडीकाम, नट-बोल्ट, छोटे ठोकळे जोडणं, बटणं, नाडी बांधणं, हातशिलाईचे मोठे टाके जाड पुठ्ठ्यावर. यात लेखन आपोआप येतं, वेगळं ढकलावं लागत नाही.

५. विकत घ्यायचंच असेल तर

घ्या की, मीही घेतलंय. पण एवढं तपासा.

आयएसआय शिक्का. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३ आणि बॅटरी-विजेवर चालणाऱ्यावर आयएस १५६४४ लिहिलेलं असतं, सोबत सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर (भारतीय मानक ब्यूरोच्या) ॲपवर टाकून बघता येतो. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतून किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणहून आणलेल्या लाकडी खेळण्यावर शिक्का नसेल तर लगेच नाक मुरडू नका. ओलं पांढरं फडकं घासून रंग निघतो का बघा, कडांवरून हात फिरवून कुसळ टोचतंय का बघा.

आकार. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या चाचणीत ३.१७ सेंटीमीटर व्यासाची नळी वापरतात, त्यात जे अख्खं मावतं ते घशात अडकू शकतं. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती याहून थोडी मोठी असते, त्यामुळे तिच्यातून जे आरपार गेलं ते कपाटात वर ठेवायचं असा सरळ नियम करा.

आता तीन गोष्टी ज्यात मी अजिबात तडजोड करत नाही. एक, बटणासारखे गोल सेल. गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला आतून गंभीर भाजतं. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद असेल तरच खेळणं घरात. दोन, बारीक पण जबरदस्त ओढीचे चुंबकाचे गोळे, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि भोक पाडतात. तीन, पाण्यात फुगणारे रंगीत मणी, जे "सेन्सरी प्ले" म्हणून धडाधड विकले जातात. पोटात जाऊनही ते फुगतच राहतात आणि आतडं अडवू शकतात. यातलं काही गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. नाकात-कानात चणा, वाटाणा घातला तर चिमट्यानं काढायला जाऊ नका, आत सरकतो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच जा. आणि चार वर्षांखाली अख्खे शेंगदाणे-चणे खायला नकोत, खेळात ठेवले तर नजरेसमोर.

बिझी बोर्डबद्दल माझं मत विचाराल तर, पैसे जास्त आणि काम कमी. कडी, चेन, बक्कल एकदा जमलं की बोर्ड भिंतीला टेकून पडतो, त्यापेक्षा घरातली खरी कडी उघडू द्या, तिच्यापलीकडे काहीतरी असतं म्हणून मूल दहा वेळा प्रयत्न करतं. पेन्सिलची रबरी ग्रिपही स्वतःहून आणू नका, बोटांत ताकद नसताना ती नुसती लपवाछपवी होते, थेरपिस्टनं सांगितली तर गोष्ट वेगळी.

पैसे घालायचेच तर साधे लाकडी ठोकळे, एक चांगली कात्री आणि भिंतीला लावायचा फळा यात घाला.

६. खेळायला कसं बसवायचं

खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा डबा ठेवा, टेबल कोपराच्या उंचीला. नाहीतर जमिनीवर पालथं झोपून चित्र काढू दे, खांद्याला फुकट व्यायाम.

उभा फळा किंवा भिंतीला चिकटवलेला कागद वापरा. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळतं, म्हणजे पेन्सिल धरताना हवं तसंच, आणि खांदाही काम करतो.

खडू मोडा. खरंच सांगतेय, नवी पेटी आणली की प्रत्येक खडूचे दोन-तीन तुकडे करा. अंगठ्याएवढ्या तुकड्यावर पाच बोटं मावतच नाहीत, मूल आपसूक तीन बोटांनी धरतं. "नीट धर, नीट धर" म्हणायची गरज संपते. सिनियर केजीतल्या मुलालाही हे चालतं, आणि बाईंना विचारून शाळेच्या दप्तरातही हेच तुकडे ठेवा.

वेळ दहा मिनिटं, फार तर पंधरा, रोज. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही. हात दुखतो म्हणालं तर थांबा, तो बहाणाच असेल असं नाही. आणि "दे इकडे, मी करते" हे सकाळी साडेसातला शाळेची रिक्षा दारात असताना म्हणालात तर मी समजू शकते, म्हणून बटणांचा सराव संध्याकाळी आणि बाहुलीच्या किंवा बाबाच्या शर्टावर.

डावा हात पुढे येत असेल तर तो बदलायचा नाही, सासरचे, माहेरचे, शेजारचे काहीही म्हणोत.

७. खेळ पुरेसे नाहीत हे कधी समजायचं

दीड वर्षाच्या आधीच मूल फक्त एकच हात वापरत असेल आणि दुसरा मिटलेला किंवा बाजूला राहत असेल तर लगेच दाखवा, तो "पक्का उजवा" नसतो, दुसऱ्या हातात अडचण असू शकते. वर्ष उलटून दोन-चार महिने झाले तरी चिमूट नाही, आधी येत असलेली गोष्ट सुटली, हात थरथरतात, किंवा पाच वर्षांचं मूल जेवण-कपडे-खडू सगळ्यालाच टाळतंय, तर खेळांची यादी बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञ. ते गरज पाहून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. डोळेही तपासून घ्या, जवळचं नीट दिसत नसेल तर मणी कसे ओवणार.

खाजगी थेरपी महाग पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते, त्यांची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात, पुढची गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तुमचं मूल खाजगी शाळेत असेल तर जिल्हा रुग्णालयात जाऊन या केंद्राची चौकशी करा.

जाताना सोबत न्या:

- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, विशेषतः मूल आधी जन्मलेलं किंवा काचेच्या पेटीत ठेवलेलं असेल तर
- लसीकरणाचं किंवा माता-बाल संरक्षण कार्ड
- मुलाचं आणि पालकाचं आधार
- शाळेची वही आणि दोन-तीन चित्रं, चांगली निवडून नाही, रोजचीच
- घरी जेवताना, बटण लावताना, चित्र काढताना घेतलेले छोटे व्हिडिओ

व्हिडिओ विसरू नका. नवीन जागेत, अनोळखी माणसासमोर मूल एक तर काहीच करत नाही किंवा नेमकं सगळं बरोबर करून दाखवतं, मग आपण सांगत बसतो की घरी असं नसतं हो. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा पुरे, चेहरा नाही आला तरी चालेल, हात आणि खांदा दोन्ही दिसायला हवेत.